सुईदोऱ्याची बखर

राज्य कोणाचे, यावरून भांडण झाले नाही असा देश पृथ्वीच्या पाठीवर सापडणे कठीण. राजा निपुत्रिक वारला की भाऊबंद, सोयरे आणि शेजारी आपापला हक्क सांगत पुढे येतात, तलवारी निघतात, आणि जो जिंकतो तोच पुढे आपल्या हक्काची हकीकत कारकुनांकडून लिहवून घेतो. आपल्या हाती इतिहास म्हणून येतो तो बहुधा असाच. परंतु इंग्लंडच्या गादीवरून सन १०६६ मध्ये झालेल्या अशाच एका झगड्याची हकीकत शाईने नव्हे, तर सुईने आणि लोकरीच्या धाग्याने लिहिलेली आहे, आणि सुमारे साडेनऊशे वर्षे लोटली तरी ती शाबूत आहे. आपल्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहाच, असा चिटणीसबाईंचा आग्रह झाला, तेव्हा मी हाच विषय घेण्याचे ठरवले. मी सातवीपर्यंत शिकलेली गृहिणी. शाळेत लढायांच्या सनावळ्या मला नकोशा वाटत. पण भरतकामातून सांगितलेली लढाई म्हटल्यावर सनावळीसुद्धा गोड लागली.

ही वस्तू म्हणजे तागाच्या कापडाची एक लांबच लांब पट्टी आहे. लांबी सुमारे ६८ मीटर, म्हणजे जवळजवळ ७५ वार. आठ नऊवारी लुगडी टोकाला टोक लावून पसरली तर जेवढी होतील, त्याहून थोडी जास्तच. रुंदी मात्र अर्धा मीटर. फ्रान्स देशात नॉर्मंडी म्हणून प्रांत आहे, तेथील बायो या गावाची ही ठेव, म्हणून जगात तिला ‘बायो टॅपेस्ट्री’ म्हणतात. खरे तर हे नाव चुकीचे आहे. टॅपेस्ट्री म्हणजे मागावर विणूनच उठवलेली नक्षी, जशी आपल्या पैठणीच्या पदरावर असते. ही पट्टी विणलेली नसून भरलेली आहे, हे कोणतीही भरतकाम करणारी बाई पाहताक्षणी सांगेल.

आकृत्यांच्या कडा आणि अक्षरे देठ भरायच्या टाक्याने काढली आहेत. आतला भाग भरण्याची तऱ्हा मोठी काटकसरीची आहे. आधी धागे एकमेकांना लागून उभे घालायचे, त्यांवर थोड्या थोड्या अंतराने आडवे धागे टाकायचे आणि ते बारीक टाक्यांनी दाबून बसवायचे. त्यामुळे बहुतेक लोकर दर्शनी बाजूस राहते, पाठीमागे फुकट जात नाही. रंग सारे वनस्पतींचे. लाल रंग आपल्या मंजिष्ठेच्या जातीच्या झाडाच्या मुळीचा, पिवळा एका रानझाडाचा, आणि निळा ‘वोड’ नावाच्या झाडाच्या पानांचा. त्या पानांतून निघणारा रंग म्हणजे आपली नीळच. एवढ्या तीन झाडांतून दहाएक छटा साधल्या आहेत. घोडा निळाही आहे आणि त्याचे पलीकडचे पाय वेगळ्या रंगाचे, म्हणजे जवळचे पाय कोणते आणि दूरचे कोणते ते कळावे.

कापड नऊ तुकडे जोडून केलेले आहे. पहिल्या जोडाशी वरचा काठ नीट जुळलेला नाही, पुढचे जोड मात्र सफाईदार आहेत. पहिला जोड फसल्यावर त्या बायकांनी आपसांत काय बोलाचाली केली असेल, ते आपण सहज ओळखू शकतो!

आता भांडण काय होते ते सांगते. इंग्लंडचा राजा एडवर्ड याला मूलबाळ नव्हते. त्याची राणी एडिथ ही गॉडविन नावाच्या बलाढ्य सरदाराची मुलगी, आणि हॅरॉल्ड हा तिचा भाऊ. म्हणजे हॅरॉल्ड राजाचा मेहुणा. अंगात राजरक्त नाही, पण देशातला सर्वांत मोठा सरदार तोच. दुसरा हक्कदार समुद्रापलीकडचा, नॉर्मंडीचा ड्यूक विल्यम. एडवर्डची आई एम्मा ही विल्यमच्या आजोबांची बहीण, म्हणजे हे नाते राजाच्या आजोळचे. एडवर्डने आपले तरुणपण परागंदा होऊन त्या आजोळीच काढले होते, आणि त्याने आपल्याला गादीचे वचन दिले होते असे विल्यमचे म्हणणे. तिसरा नॉर्वेचा राजा, त्याचेही नाव हारल्डच. चौथा एडगर, राजाच्या सावत्र भावाचा नातू. रक्ताने पाहिले तर खरा वारस हाच. पण वयाने कोवळा, आणि पाठीशी कोणी नाही. मोठ्यांचे भांडण जुंपले की लहानाचा हक्क कोण विचारतो?

पट्टीची सुरुवात होते ती म्हातारा एडवर्ड सिंहासनावर बसून हॅरॉल्डशी बोलतो आहे तेथून. हॅरॉल्ड हातावर ससाणा घेऊन, कुत्री पुढे घालून निघतो, गलबतात बसतो, आणि पलीकडच्या किनाऱ्यावर उतरताच तेथील सरदाराच्या कैदेत पडतो. विल्यम त्याला सोडवून आपल्याकडे आणतो आणि आपल्याबरोबर स्वारीवर नेतो. वाटेत एका नदीच्या मुखाशी माणसे वाळूच्या दलदलीत रुतू लागतात. तेथे हॅरॉल्ड एकाला पाठीवर घेऊन आणि दुसऱ्याला हाताने ओढून बाहेर काढताना दाखवला आहे. पुढे तो प्रसंग येतो ज्यावरून एवढा अनर्थ झाला. दोन्ही बाजूंच्या पवित्र अवशेषांच्या पेट्यांवर हात ठेवून हॅरॉल्ड विल्यमसमोर शपथ घेतो आहे. गादी तुलाच मिळवून देईन अशी ती शपथ होती, असे विल्यमच्या पक्षाचे लोक पुढे सांगत. पट्टीवर लॅटिन भाषेत छोटी छोटी वाक्ये भरली आहेत. त्यांत एवढेच आहे की हॅरॉल्डने शपथ घेतली. कशाची घेतली, हे पट्टी सांगत नाही.

मग एडवर्डचे मरण. तारीख ५ जानेवारी १०६६. त्याने बांधवलेल्या वेस्टमिन्स्टरच्या देवळाला जेमतेम आठवडा झाला होता. पट्टीवर एक माणूस त्या देवळाच्या छपरावर वारा दाखवणारा कोंबडा बसवतो आहे. माडीवर राजा शेवटचे बोलत हॅरॉल्डच्या हाताला हात लावतो आहे, पायथ्याशी एक स्त्री पदराने डोळे टिपते आहे, आणि खालच्या भागात त्याच राजाचे प्रेत कफनात गुंडाळत आहेत. राजा काय बोलला? तेही लिहिलेले नाही. दुसऱ्या दिवशी, ६ जानेवारीस, राजाचे दफनही झाले आणि हॅरॉल्डचा राज्याभिषेकही झाला. पट्टीवरील शब्द असे आहेत की लोकांनी हॅरॉल्डला राजमुकुट दिला. त्याने तो हिसकावला असे नव्हे. हा शब्द वाचकभगिनींनी ध्यानात ठेवावा, पुढे त्याचा उपयोग आहे.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये आकाशात शेंडेनक्षत्र उगवले. पट्टीवर माणसांचा घोळका बोटे वर करून ते पाहतो आहे. हा हॅलेचा धूमकेतू. सुमारे ७६ वर्षांनी तो परत येतो. १९८६ साली तो येऊन गेला, आता २०६१ साली आपली नातवंडे त्याला पाहतील. नव्या राजाचे तोंड खिन्न आहे, आणि त्याच्या पायांखालच्या काठात रिकाम्या गलबतांच्या नुसत्या बाह्यरेषा काढल्या आहेत. येऊ घातलेल्या संकटाची ही सावली काही टाक्यांत उभी केली आहे.

त्यानंतर विल्यमची तयारी. झाडे तोडतात, फळ्या तासतात, गलबते पाण्यात ओढतात, चिलखते काठीवर अडकवून दोघे दोघे वाहून नेतात, गाडीवर मद्याचे पिंप चढते. फौज २८ सप्टेंबरला पेवन्सी येथे उतरली. घोडे गलबतातून उतरताना दाखवले आहेत. आणि उतरल्याबरोबर काय, तर स्वयंपाक! दोन खांबांमध्ये हंडा टांगला आहे, खाली जाळ आहे, मांसाचे तुकडे आणि कोंबड्या सळ्यांना लावल्या आहेत, एक आचारी भट्टीवरून काहीतरी उचलतो आहे, आणि ढालींचे पाट करून लोक जेवत आहेत. लढाईच्या बखरीत चूल कशी पेटली हे एवढ्या तपशिलाने कोण लिहितो? ज्यांना चुलीचा धर्म ठाऊक आहे त्यांनाच हे सुचते, असे मला वाटल्यावाचून राहिले नाही.

त्या वेळी हॅरॉल्ड होता कोठे? तो दूर उत्तरेत होता. नॉर्वेच्या राजाने तिकडून स्वारी केली होती, आणि त्याच्या बाजूला हॅरॉल्डचा सख्खा भाऊ टॉस्टिग फितूर होऊन मिळाला होता. २५ सप्टेंबरला स्टॅमफर्ड ब्रिज येथे हॅरॉल्डने दोघांचाही पराभव केला. दोघेही पडले. ही लढाई पट्टीवर नाही. विल्यमच्या गोष्टीशी तिचा संबंध नव्हता, म्हणून ती गाळली असावी. थकलेले सैन्य घेऊन हॅरॉल्ड सुमारे ३०० किलोमीटरची मजल मारून लंडनला आला आणि तेथून पुढे दक्षिणेस गेला. १४ ऑक्टोबर, शनिवारी, हेस्टिंग्जजवळ सकाळी सुरू झालेली लढाई अंधार पडेतो चालली. विल्यम मेला अशी आवई उठली तेव्हा त्याने शिरस्त्राण वर करून आपले तोंड सैन्याला दाखवले, तेही पट्टीवर आहे. घोडे डोक्यावर कोसळतात, आणि खालच्या काठात, जेथे आधी पशुपक्षी होते, तेथे मुडद्यांची रांग लागते. त्यांच्या अंगावरची चिलखतेही चोर ओरबाडून नेतात. शेवटी ‘येथे हॅरॉल्ड राजा मारला गेला’ हे शब्द. इंग्रज सैन्य पळते, आणि पट्टी फाटलेली आहे. शेवटचा तुकडा नाहीसा झाला आहे. विल्यमला त्याच वर्षी २५ डिसेंबरला वेस्टमिन्स्टर येथे मुकुट चढला.

आता आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट. पट्टीवर ६०० हून अधिक माणसे आहेत, २०० च्या आसपास घोडे आहेत, पन्नासाहून अधिक कुत्री आहेत. काठ सोडून मुख्य चित्रांत स्त्रिया किती? फक्त तीन. एक मरणाऱ्या राजाच्या पायथ्याशी रडणारी, ती राणी एडिथ असावी. दुसरी आल्फगिवा नावाची. तिच्या तोंडाला एक पाद्री हात लावतो आहे. ती कोण, आणि तो प्रसंग काय, हे आजवर कोणत्याही पंडिताला निश्चित सांगता आलेले नाही. ज्या बायकांनी ते भरले त्यांना ठाऊक होते, पाहणाऱ्यांनाही ठाऊक असणार, म्हणून अधिक लिहिण्याची गरज वाटली नसेल. तिसरी स्त्री लढाईच्या थोडी आधी येते. दोन माणसे एका घराला आग लावीत आहेत, आणि त्या घरातून एक बाई मुलाचा हात धरून बाहेर पडते आहे. तिचे नाव नाही. गादीच्या भांडणात तिचा हक्क नाही, मत नाही, पक्ष नाही. पण घर जळते आहे ते तिचे. राजेरजवाड्यांच्या ७५ वार हकीकतीत ही बाई नसती तरी कोणाचे काही अडले नसते. तरी तिला भरले आहे, आणि तिचा एक हात काही बोलत असल्यासारखा उचललेला आहे.

पट्टीवर नसलेली एक स्त्री मला सारखी आठवते. ती हॅरॉल्डची आई गीथा. टॉस्टिग स्टॅमफर्ड ब्रिजला पडला, तोही भावाविरुद्ध लढताना. हेस्टिंग्जला हॅरॉल्ड पडला, गर्थ पडला, लिओफ्वाइन पडला. एकोणीस दिवसांत चार मुलगे. पाचवा मुलगा वुल्फनोथ विल्यमकडे ओलीस होता. मुलगी एडिथ राजाची विधवा. त्या काळच्या एका लेखकाने, आणि तोही विल्यमच्याच पक्षाचा, लिहून ठेवले आहे की हॅरॉल्डचे प्रेत मिळावे म्हणून या आईने त्याच्या वजनाइतके सोने देऊ केले, पण विल्यमने ते नाकारले. पुढे ती इंग्लंड सोडून गेली. सिंहासन कोणाचे, या प्रश्नाचे उत्तर इतिहासाची पुस्तके देतात. या माऊलीने काय गमावले, त्याचा हिशेब कोणी मांडत नाही.

ही पट्टी भरली कोणी? फ्रान्समध्ये पुष्कळ दिवस अशी समजूत होती की विल्यमची राणी मटिल्डा हिने दासींसह बसून ती भरली. आताचे बहुतेक अभ्यासक निराळे सांगतात. ती करवून घेणारा विल्यमचा सावत्र भाऊ बिशप ओडो असावा, कारण चित्रांत तो फार पुढेपुढे आहे, आणि त्याच्या पदरची किरकोळ माणसेसुद्धा नावानिशी भरली आहेत. भरणारे हात मात्र इंग्रजांचे, बहुधा कँटरबरी गावाकडचे. लॅटिन वाक्यांत नावे इंग्रजी वळणाने लिहिली गेली आहेत, आणि चित्रे तेथील पोथ्यांतील चित्रांशी मिळतात. त्या काळी इंग्लंडच्या बायकांच्या भरतकामाची युरोपभर ख्याती होती. विल्यमने सन १०८६ मध्ये देशभरच्या जमिनीची मोजदाद केली. त्या वहीत आल्फगिथ नावाच्या एका मुलीला शेरीफच्या कन्येस जरीचे भरतकाम शिकवण्याबद्दल जमीन दिल्याची नोंद आहे. शिकवणीचा मोबदला जमिनीत मिळत होता, हे आपल्या शिवणवर्गाच्या बाईंनी ऐकून ठेवावे!

म्हणजे काम सांगणारा जिंकलेला, आणि सुई धरणारे हात हरलेल्यांचे. त्यांतल्या कितीजणींचे बाप, भाऊ, नवरे हेस्टिंग्जच्या टेकडीवर पडले असतील, कोण जाणे. आणि आता तो ध्यानात ठेवलेला शब्द. विल्यमच्या राजवटीत हॅरॉल्डला राजा म्हणणे बंद झाले. १०८६ च्या त्या सरकारी वहीत तो नुसता सरदार आहे. पण या पट्टीवर मुकुट घातल्यापासून तो राजा आहे, आणि मरतानाही ‘हॅरॉल्ड राजा’ असेच भरले आहे. दलदलीतून शत्रूची माणसे ओढून काढणाराही तोच आहे. विल्यमची शूरता कमी केलेली नाही, हॅरॉल्डची शपथ लपवलेली नाही. पण दोन्ही बाजूंचे माणूसपण राखले आहे. हे मुद्दाम केले की सहज झाले, याचा वाद पंडितांनी घालावा. मला एवढेच दिसते की तलवारीने गादीचा निकाल लावला, आणि सुईने त्या निकालात हरलेल्यालाही न्याय दिला.

एक गंमत अशी की तो एडगर, ज्याला कोणी विचारले नाही, तो कधीच राजा झाला नाही. पण त्याची बहीण मार्गारेट स्कॉटलंडची राणी झाली. तिची मुलगी सन ११०० मध्ये विल्यमचा मुलगा हेन्री याला दिली. त्यांच्या मुलीचा मुलगा सन ११५४ मध्ये इंग्लंडच्या गादीवर बसला. जुने राजरक्त सिंहासनावर परत आले ते लेकीच्या वाटेने.

पट्टीच्या नशिबीही पुष्कळ फेरे आले. सन १४७६ मध्ये बायोच्या मोठ्या देवळातील चीजवस्तूंच्या यादीत तिची नोंद आहे. वर्षातून एकदा उत्सवात ती देवळात सभोवार टांगत. फ्रान्सच्या राज्यक्रांतीत, १७९२ मध्ये, तिचे फौजेच्या गाडीवरचे आच्छादन होणार होते. गावच्या एका वकिलाने ती वाचवली. १८०३ मध्ये इंग्लंडवर स्वारीचे बेत चालू असताना नेपोलियनने ती पॅरिसला नेऊन लोकांना दाखवली. जुलै २०२५ मध्ये जाहीर झाले की २०२६-२७ साली ती लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये प्रदर्शनासाठी जाणार. नऊशेहून अधिक वर्षांनी, म्हणजे, ती बहुधा आपल्या माहेरी जाणार!

आणि आता शेवटची हकीकत, जी आपल्यासारख्या मंडळाला सर्वांत जवळची. इंग्लंडात लीक नावाचे रेशमाच्या धंद्याचे गाव आहे. तेथे एलिझाबेथ वॉर्डल नावाच्या बाईंनी भरतकाम मंडळ चालवले होते. त्यांचे यजमान थॉमस वॉर्डल रंगारी, आणि आपल्याकडचे टसर रेशीम कसे रंगवावे याचा त्यांनी मोठा अभ्यास केलेला. एलिझाबेथबाईंनी १८८५ मध्ये मनावर घेतले की आपल्या देशालाही या पट्टीची एक नक्कल हवी. मंडळाच्या ३५ जणी बसल्या. यजमानांनी वनस्पतींच्या रंगांत लोकर रंगवून दिली, आणि सुमारे वर्षभरात पूर्ण लांबीची नक्कल तयार झाली. मूळ काठातल्या काही विवस्त्र आकृत्यांना या नकलेत वस्त्र चढले आहे. ज्या चित्रांवरून त्या भरीत होत्या त्यांतच आधी कोणीतरी ही सभ्यता दाखवली होती! ही नक्कल आज रेडिंग गावच्या संग्रहालयात आहे. मूळ पट्टी आणि ही नक्कल यांत मला मोठा वाटणारा फरक दुसराच आहे. लीकच्या प्रत्येकीने आपण भरलेल्या भागाखाली आपले नाव टाक्यांनी घातले आहे. मूळ पट्टीवर ओडोच्या किरकोळ माणसांचीही नावे आहेत. भरणाऱ्या एकीचेही नाही.

आमच्या घरी देव्हाऱ्यापुढे घालायचा एक भरलेला रुमाल आहे. माझ्या सासूबाईंच्या सासूबाईंनी तो भरला. टाका इतका सारखा की उलटी बाजू पाहून सुलटी समजावी. त्यांचे नाव मी घरात सर्वांना विचारले. सगळे त्यांना ‘थोरल्या बाई’ म्हणत, एवढेच प्रत्येकाला ठाऊक. रुमाल राहिला, नाव गेले. आपल्या मंडळाच्या कपाटात तोरणे आहेत, पडदे आहेत, हळदीकुंकवाला काढतो ते मोठे आसन आहे. चहापाण्याचा खर्च वहीत पैपैने लिहिलेला सापडेल, पण ते आसन कोणी भरले हे लिहिलेले नाही. ज्या दोघीतिघींना अजून आठवते त्यांना आजच विचारून घेतले पाहिजे.

म्हणून माझी सर्व भगिनींना विनंती आहे. पुढच्या वर्षीच्या प्रदर्शनासाठी जे काम होईल, त्याच्या एका कोपऱ्यात बारीक अक्षरांत आपले नाव आणि साल भरावे. यात मोठेपणा मिरवणे नाही. कामाला नाव असले म्हणजे नातीला आपली आजी सापडते. जुन्या कामांचीही एक यादी करून चिटणीसबाईंनी वहीत लावावी. हे काम मी आनंदाने अंगावर घेईन. दर बुधवारी दुपारी भरतकामाच्या वर्गाला मी असतेच, तेथे प्रत्येकीने आपल्याला आठवतील ती नावे सांगावीत.